मेसिएच्या यादीतील हरवलेले क्रमांक : ओळख आणि प्रामाण्य

शार्ल मेसिए याच्या १७८१ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत तेजोमेघ व तारकागुच्छ यांच्या १०३ नोंदी आहेत. त्यांपैकी ४७, ४८ व ९१ या क्रमांकांच्या दिलेल्या स्थानी वर्णनाशी जुळणारे काहीच नाही. १०२ ला तर स्थानच दिलेले नाही. आजच्या बहुतेक याद्यांत या चारही जागा भरलेल्या आढळतात. परंतु या चार ओळखींचे प्रामाण्य सारखे नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

जुन्या पोथीतील अपपाठ सुधारताना नवा पाठ अर्थाशी जुळतो एवढ्याने भागत नाही. मूळ पाठ कसा बिघडला, हेही सांगता यावे लागते. निरीक्षकाच्या नोंदीसही हाच न्याय लावावयास हवा.

या कसोटीस ४७ पूर्णपणे उतरतो. मेसिएने जवळच्या एका ताऱ्यापासून अंतरे मोजली. मात्र स्थान काढताना त्यांची चिन्हे उलटी धरली. ती बदलताच एनजीसी २४२२ हा ठळक गुच्छ मिळतो. १९३४ साली ओस्वाल्ड थोमास यांनी सुचविलेल्या या ओळखीस १९५९ साली टी. एफ. मॉरिस यांनी बळकटी आणली. ९१ चा उलगडा १९६९ साली डब्ल्यू. सी. विल्यम्स यांनी केला. मेसिएने अंतर मोजले ते ८९ पासून. गणित करताना मात्र ते ५८ पासून मोजल्याचे गृहीत धरले. ही चूक सुधारली की आपण एनजीसी ४५४८ या दीर्घिकेपाशी येतो.

४८ ची गोष्ट थोडी निराळी. एनजीसी २५४८ चा विषुवांश जुळतो, क्रांतीत सुमारे ५ अंशांचा फरक पडतो, आणि आसपास वर्णनास साजेसा दुसरा गुच्छ नाही. चुकीचे कारण निश्चित नसले, तरी ही ओळख स्वीकारण्यास हरकत नाही.

१०२ विषयी मात्र असे म्हणता येत नाही. वर्णनात भूतपातील ओमिक्रॉन व कालेयातील आयोटा यांच्या मधली जागा सांगितली आहे. पण हे तारे एकमेकांपासून चाळीसहून अधिक अंश दूर आहेत. म्हणून ओमिक्रॉनच्या जागी थीटा वाचून एनजीसी ५८६६ सुचविण्यात येते. ही दुरुस्ती सयुक्तिक आहे. परंतु ते निरीक्षण ज्याचे, त्या पिएर मेशँ याने १७८३ च्या पत्रात १०२ म्हणजे १०१ च होय असे लिहून चुकीचे खापर नकाशावर फोडले होते. एनजीसी ५८६६ चे समर्थक म्हणतील की मेशँचीच स्मृती चुकली असावी. तसे असू शकेल. परंतु प्रत्यक्ष साक्षीदाराची कबुली बाजूस सारावयाची, तर त्याची चूक दाखवून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते, आणि ती अद्याप पुरी झालेली नाही.

हा वाद केवळ क्रमांकाचा नव्हे. एनजीसी ५८६६ च्या शोधाचे श्रेय १७८१ च्या मेशँला द्यावयाचे की १७८८ मध्ये ती दीर्घिका नोंदविणाऱ्या विल्यम हर्शेलला, हे त्यावर ठरते. म्हणून याद्यांनी १०२ पुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. जागा भरल्याच्या समाधानापेक्षा ते अधिक प्रामाणिक ठरेल.