आज्ञापत्रांतील आरमार-प्रकरण : एक विचार

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील दुर्गप्रकरणाची जितकी वाखाणणी होते, तितकी आरमार-प्रकरणाची होत नाहीं. आमचें वास्तव्य बीडास, बिंदुसरेच्या कांठीं. समुद्र येथून फार दूर. परंतु हें प्रकरण राज्यशास्त्राचें असल्यामुळें तें वाचण्यास समुद्र पाहिलाच पाहिजे असें नाहीं.

पांच गुराबा व पंधरा गलबतें यांचा सुभा बांधावा, एवढें बहुतेकांस ठाऊक असतें. खरा गाभा मात्र द्रव्यव्यवस्थेंत आहे. पैदास्तीच्या भरंवशावर आरमार सोडूं नये, बंदरांचें उत्पन्नही त्यास तोडून देऊं नये. मुलखांतून नेमणूक असावी. ज्याच्या हातीं तोफा त्याच्याच हातीं जकात दिली, तर सावकार बंदर सोडून जाणारच. रयतेचे आंबे-फणस बलात्कारें तोडूं नयेत, ही आज्ञाही त्याच जातीची.

उणीव आहे ती तारवावरील अधिकाराविषयीं. मलाक्क्याच्या सुलतानांच्या काळीं जो सागरी कायदा सिद्ध झाला, त्यांत नाखोदा हा समुद्रावरील राजाच मानिला असून सुकाणू धरणारास बेंदाहाराची, म्हणजे प्रधानाची, उपमा दिली आहे. (आपला नाखवा व हा नाखोदा एकच, आणि मलायी दर्यासारंगाची 'लक्ष्मण' ही पदवी तर आमच्याच रामायणांतली!) तारवावर न्याय कोणी करावा, याचा तसा विचार अमात्यांनीं केलेला नाहीं.

याहून महत्त्वाचा प्रश्न काळाचा. कित्येक लेखक हें प्रकरण शिवकालीन आरमाराचें वर्णन म्हणून उद्धृत करतात. मीमांसकांच्या भाषेंत सांगावयाचें तर हें विधिवाक्य आहे; त्यास वृत्तांत समजणें चूक. आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमाराचें, करवीरकर संभाजीमहाराजांच्या नांवचें. कान्होजी आंग्रे तर १७१४ सालींच बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनें शाहूमहाराजांस मिळाले होते. म्हणजे विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर पंतोजींनीं फळ्यावर पाठ लिहिला, असा प्रकार! आंग्रे दस्तक नसलेलीं जहाजें धरीत, आणि त्यांचें आरमार त्यांच्याच मुलखावर व पैदास्तीवर चाले. हुजुरावर तें अवलंबून नव्हतें. पुढें १७५६ त तुळाजीचें आरमार विजयदुर्गाखालीं जळालें, तेव्हां पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूस होती. अमात्यांस भय वाटत होतें तें कशाचें, हें येथें दिसतें.

करवीरकरांकडे मालवणचें आरमार राहिलें होतें. त्याचे जे जमाखर्च उपलब्ध होतील, ते या प्रकरणाशीं ताडून पाहावे, इतकेंच आमचें अभ्यासकांस सांगणें आहे.