गंगापूरचे गोटे आणि हवामानाची साक्ष

नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या काठी चुनखडीने सांधलेले गोट्यांचे थर आहेत. त्यांत मिळालेल्या हातकुऱ्हाडींचा व रुंद धारेच्या हत्यारांचा पद्धतशीर विचार डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला. महाराष्ट्राच्या प्रागितिहासाचा पाया या संशोधनाने घातला, याविषयी दुमत नाही. आक्षेप आहे तो अशा थरांवरून हवामानाचे आणि हवामानावरून मानवाचे जे अनुमान त्या पिढीत रूढ झाले, त्याविषयी.

हे अनुमान दोन पायऱ्यांचे आहे. जाड गोटे वाहून आणण्यास जोरदार प्रवाह लागतो, म्हणून गोट्यांचा थर अतिवृष्टीचा. बारीक गाळ संथ पाण्याचा, म्हणून तो अवर्षणाचा. ही पहिली पायरी. हवामान पालटले की हत्यारेही पालटतात, ही दुसरी. यांपैकी पहिल्या पायरीमागे आफ्रिकेत कल्पिलेली ‘अतिवृष्टियुगां’ची मालिका उभी होती, आणि ती मालिका युरोपातील हिमयुगांच्या धर्तीवर रचलेली होती. परभाषेतून संज्ञा घेतली की तिच्यात गृहीत धरलेला सिद्धान्तही नकळत घेतला जातो. तसेच येथे झाले.

दख्खनच्या नद्यांनी या वाचनाला साथ दिली नाही. विश्वास काळे व शरद राजगुरू यांनी १९८७ मध्ये उत्तर-प्लाइस्टोसीन काळाविषयी जवळजवळ उलट चित्र मांडले. मोसमी पाऊस क्षीण झाला की उतारावरील झाडोरा विरळ होतो, माती-दगड सुटतात. ते वाहून नेण्याचे बळ नदीत उरत नाही आणि पात्र भरत जाते. पाऊस बळावला की नदी आपलाच गाळ कापू लागते. हा निष्कर्ष त्याहून कितीतरी जुन्या गोट्यांच्या थरांना जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरे. परंतु थर आणि पर्जन्य यांचे नाते एकपदरी नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

दुसरी अडचण कालगणनेची. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीवर बोरी येथे ज्वालामुखीची राख सापडली, तेव्हा हत्यारांच्या वयाचा प्रश्न सुटेल अशी आशा वाटली. प्रत्यक्षात तिचे वय कोणी सुमारे १४ लक्ष, कोणी सुमारे ६·७ लक्ष वर्षे ठरविले. इतरांनी ती सुमात्रातील तोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानली. ज्या दोन घटनांचे काळ स्वतंत्रपणे ठरलेले नाहीत, त्यांना कार्यकारणभावाने जोडणे म्हणजे केवळ ध्वनिसाम्यावरून दोन शब्दांचे कुळ एक ठरविणे होय.

हवामानाचा प्रभाव नव्हताच, असा याचा अर्थ नव्हे. पूर्व आफ्रिकेतील बदलत्या कोरडेपणाशी मानवाच्या उत्क्रांतीचा संबंध जोडणारे संशोधन विचारार्ह आहे. रिक पॉट्स यांनी तर केवळ कोरडेपणा नव्हे, हवामानाची अस्थिरताच निर्णायक मानली. परंतु तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे हातकुऱ्हाडींची परंपरा सुमारे १५ लक्ष वर्षांपूर्वीची ठरली असून मध्य-पुराश्मयुगीन तंत्र तेथे सुमारे ३·८५ लक्ष वर्षांपूर्वी दिसू लागते. या दोन टोकांमध्ये पृथ्वीवर हिमयुगे अनेकदा आली आणि गेली. हवामान हेच हत्यार घडवीत असेल, तर हातकुऱ्हाड एवढा काळ कशी टिकली? जुळवून घेण्याची क्षमता, असे उत्तर दिल्यास बदल आणि बदलाचा अभाव ही दोन्ही एकाच कारणाने सिद्ध होतात. म्हणजे खरे तर एकही सिद्ध होत नाही.

शिवाय हत्यार म्हणजे हत्यार घडविणारा नव्हे. नर्मदाकाठी हथनोरा येथे १९८२ मध्ये कवटीचा भाग मिळाला. गंगापूरच्या पुराव्यात मात्र हत्यारेच आहेत. त्यांवरून तंत्राविषयी बोलता येते, देहाच्या उत्क्रांतीविषयी नाही.

तात्पर्य, हवामानाचा पुरावा हत्यारांच्या थराबाहेरून यावा, थराचे वय दोहोंहून स्वतंत्रपणे ठरावे आणि मगच कारणाची भाषा करावी. गंगापूरच्या गोट्यांना त्यांचे महत्त्व आहेच. पर्जन्य, काळ आणि मानव या तिघांचीही साक्ष त्यांच्याच तोंडून वदविणे मात्र न्याय्य नाही.