रूथ प्रावर झाबवाला आणि आपण

जन्म जर्मनीतील ज्यू घराण्यात, शिक्षण लंडनमध्ये, संसार दिल्लीत आणि अखेर न्यूयॉर्कला, असे आयुष्य इंग्रजी कादंबरीकार व कथालेखिका रूथ प्रावर झाबवाला (१९२७–२०१३) यांच्या वाट्याला आले. ‘हीट अँड डस्ट’ या त्यांच्या कादंबरीला १९७५ साली बुकर पारितोषिक मिळाले. पटकथालेखनासाठी पुढे त्यांना दोनदा ऑस्करही मिळाले. परंतु बेने इस्राएल वाचकांनी त्यांच्याकडे वळावे याला आणखी एक कारण आहे. या कादंबरीवर अत्यंत कडक टीका करणाऱ्यांत आपल्याच समाजाचे कवी निस्सीम इझिकेल होते. लेखिकेची भारताकडे पाहण्याची दृष्टी दूषित आहे आणि तिची पात्रे ठोकळेबाज आहेत, असा त्यांच्या टीकेचा रोख होता.

ही टीका रास्त आहे काय? आमच्या मते निम्मी आहे.

‘द हाउसहोल्डर’ (१९६०) पाहा. दिल्लीतील खाजगी कॉलेजात हिंदी शिकविणारा, नुकतेच लग्न झालेला प्रेम पगारवाढ मागू पाहतो, घरभाडे कमी करवून घेऊ पाहतो. पण त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्याची पत्नी इंदू मोजकेच बोलते, तरी ती रुसते केव्हा, हसते केव्हा, हे आपल्याला कळते. हे लिहिणाऱ्या बाईंना भारतीय माणूस कळत नव्हता असे कोण म्हणेल? उलट ‘हीट अँड डस्ट’मधील कारकून इंदरलाल याची पत्नी रितू केवळ आजारी व भेदरलेली दिसते. तिचे मन आपल्यापुढे उघडतच नाही. इंदूपासून रितूपर्यंत येता येता लेखिकेची माया आटली आहे. येथे इझिकेल यांचे म्हणणे आम्हाला पटते.

पण माया का आटली, हेही पाहिले पाहिजे. १९३९ साली लहानगी रूथ आईवडिलांसह नाझींच्या जर्मनीतून इंग्लंडला निसटली. मागे राहिलेल्या आप्तांचा संहार झाल्याचे कळल्यावर वडिलांनी १९४८ साली आत्महत्या केली. १९५१ साली वास्तुशिल्पी सायरस झाबवाला या पारशी गृहस्थांशी विवाह करून त्या दिल्लीस आल्या व चोवीस वर्षे राहिल्या. प्रारंभीचा आनंद ओसरला, भोवतालचे दारिद्र्य सोसवेना, हे त्यांनी स्वतःच एका निबंधात स्पष्ट लिहिले आहे.

आपण भारत सोडला तो कोणी हाकलले म्हणून नव्हे. म्हणून आपल्या आठवणींत ओलावा आहे. ज्या मुलीची जन्मभूमीच तिच्यावर उलटली, तिच्याकडून दुसऱ्या देशावर तशीच माया करण्याची अपेक्षा धरणे आम्हाला न्याय्य वाटत नाही. त्यांची ‘अ बर्थडे इन लंडन’ ही कथा वाचावी. सोनियाच्या वाढदिवसाला जमलेले ज्यू निर्वासित चहा घेतात, जुन्या दिवसांच्या गोष्टी काढतात. रडारड कोठेच नाही. पण काय गमावले ते प्रत्येक वाक्यामागे जाणवते. परदेशात वाढलेल्या मुलांचे आईबाप हे दुःख तात्काळ ओळखतील.

वाचकांनी आधी ‘द हाउसहोल्डर’, मग ही कथा आणि शेवटी ‘हीट अँड डस्ट’ वाचावी. त्यानंतर इझिकेल यांच्या बाजूने कौल द्यायचा की लेखिकेच्या, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही दोघांनाही आपले मानतो.