कळफलकावरचा शृंगार

सायबरसेक्स म्हटलं की चित्रपटवाल्यांना आधी डोक्यावरचं यंत्र सुचतं. १९९२च्या ‘द लॉनमोअर मॅन’मध्ये अंगभर चढवलेला पोशाख आणि एकमेकांत विरघळणाऱ्या चकचकीत आकृत्या, पुढच्याच वर्षी ‘डिमॉलिशन मॅन’मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या डोक्यावर तसलंच एक टोपडं. गंमत अशी, की प्रत्यक्षात त्या काळी जे चाललं होतं त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. पडद्यावर नुसती अक्षरं उमटायची. आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर हे दृश्यकाव्य नव्हतंच.

फ्रेंचांना याचा अनुभव आधीच आला होता. १९८०च्या दशकात टेलिफोनला जोडलेल्या मिनिटेलच्या छोट्या यंत्रावर ‘गुलाबी’ गप्पांचा धंदा मिनिटांच्या हिशेबाने चाले, आणि त्याच्या जाहिराती रस्तोरस्ती झळकत.

अभ्यासकांना मात्र खरी मेख लवकर सापडली. सँडी स्टोन यांनी फोनवरून कामुक संभाषणाचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. स्टोन यांचं निरीक्षण मला आजही सर्वांत नेमकं वाटतं: बोलणारी आपला देह मोजक्या शब्दांच्या पुरचुंडीत बांधते, ऐकणारा ती सोडतो, आणि सोडताना पदरचं बरंच घालतो.

शब्दांनी सुख देता येतं, तशी इजाही करता येते. ‘लॅम्डामू’ हे आंतरजालावर केवळ मजकुरातून उभं राहिलेलं, अनेकांनी मिळून वावरायचं घर. १९९३ साली तिथे ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्राने इतरांच्या पात्रांच्या तोंडी आणि अंगी, त्यांच्या संमतीशिवाय, लैंगिक कृत्यं घातली. ज्युलियन डिबेल यांनी ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये यावर लिहिलेला लेख या विषयातला मैलाचा दगड ठरला. देहाला कुणी हात लावला नव्हता, तरी एका बाईला लिहिताना रडू फुटलं होतं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या मानायला डिबेल वाचकाला भाग पाडतात. शेरी टर्कल यांनी १९९५च्या ‘लाइफ ऑन द स्क्रीन’मध्ये हाच पेच संसारात आणला: नवरा टंकून रमला, तर ती प्रतारणा का? लिसा नाकामुरा यांनी त्याच वर्षी, पडद्याआड कुणालाही काहीही होता येतं, या मोकळेपणाच्या उत्साहाला टाचणी लावली. गोरे लोक लॅम्डामूत आशियाई मुखवटे घालून हिंडत होते आणि मुखवटे जुन्याच साच्यातले होते.

पुढे अभ्यासाची भाषा दवाखान्याची झाली. १९९८मध्ये अल कूपर यांनी आंतरजालावरच्या लैंगिक ओढीमागे सहज उपलब्धता, परवडणारा खर्च आणि निनावीपणा अशी तीन कारणं मांडली. सूत्र सुटसुटीत, म्हणूनच ते सगळीकडे उद्धृत झालं. पण व्यसन मोजण्याच्या नादात माणसं एकमेकांना लिहीत काय होती, हे वाचायचं राहून गेलं.

ते रंगभूमीने वाचलं. पॅट्रिक मार्बर यांच्या ‘क्लोजर’मध्ये (लंडन, १९९७) दोन पुरुष आपापल्या संगणकापुढे गप्प बसलेले असतात, एक जण बाईच्या नावाने टंकतो, आणि मजकूर भल्यामोठ्या पडद्यावर उमटत जातो. नट तोंडातून शब्द काढत नाहीत. प्रेक्षकच वाचतो, म्हणजे पुरचुंडी तोच सोडतो. त्या प्रसंगात लबाडी, हाव, एकटेपणा, विनोद सगळं आहे, फक्त स्पर्श नाही.

सिनेमाला ही अक्कल यायला २०१३ उजाडलं. स्पाइक जोन्झ यांच्या ‘हर’मध्ये थिओडोर आणि संगणकातली, आवाजापुरती असलेली समँथा जवळ येतात, तेव्हा दिग्दर्शक पडदा पूर्ण काळा करतो आणि आपल्याला नुसतं ऐकत ठेवतो.