अधिकारी, पिता आणि पुरावा : ‘सी.आय.डी.’ मालिकेतील नायकाच्या भूतकाळाचे समीक्षण

प्रस्तावना

गुप्तहेरकथेचा नायक इतरांच्या भूतकाळाचा शोध घेत असतो. मृत्यू घडून गेलेला असतो, साक्षीदार काही लपवीत असतात आणि विखुरलेल्या खुणांवरून घडलेल्या घटनेची पुनर्रचना करणे हे त्याचे कार्य असते. त्याचा स्वतःचा भूतकाळ बहुधा कथेबाहेरच राहतो. एखादे कथानक त्या भूतकाळाकडे वळते, तेव्हा नायकाचे खाजगी दुःख प्रेक्षकांसमोर येतेच; शिवाय इतरांना लावलेली तपासाची कसोटी त्याला स्वतःलाही लागू पडते काय, हा प्रश्न उपस्थित होतो. ‘सी.आय.डी.’ या मालिकेतील नकुल-प्रकरणाच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मालिका आणि तिचा नायक

बी. पी. सिंग यांची ही हिंदी मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली. तिचे पहिले पर्व २७ ऑक्टोबर २०१८ रोजी संपले, तेव्हा दीड हजारांहून अधिक भाग प्रसारित झाले होते. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. एसीपी प्रद्युमन या मध्यवर्ती भूमिकेत शिवाजी साटम आहेत. सिंग आणि साटम यांनी त्यापूर्वी मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ या मराठी पोलीस-मालिकेत एकत्र काम केले होते.

मालिकेतील बहुतेक प्रकरणांत निर्णायक दिशा मिळते ती डॉ. साळुंखे यांच्या प्रयोगशाळेतून. विष, रक्त, ठसे आणि जखमांचे स्वरूप यांच्या परीक्षणावाचून संशयिताला दोषी ठरवता येत नाही, हा विचार सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचवण्याचे श्रेय या मालिकेला द्यावेच लागेल.

याच नायकाच्या भूतकाळात मात्र वेगळ्या स्वरूपाची घटना आहे. त्याचा मुलगा नकुल गुन्हेगारीकडे वळतो आणि पित्याच्याच हातून मारला जातो. या प्रसंगामुळे करड्या आवाजाच्या अधिकाऱ्याला एक मूक वेदना प्राप्त होते. साटम यांच्या संयत अभिनयामुळे ती भडक होत नाही. प्रद्युमन या व्यक्तिरेखेची ओळख करून देताना आजही हीच घटना प्रथम सांगितली जाते. ती स्मरणात राहिली आहे ती चौकशीचा विषय म्हणून नव्हे, तर कर्तव्यनिष्ठेचे प्रमाणपत्र म्हणून.

त्याग आणि न्याय

मराठी प्रेक्षकाने हा प्रसंग सहज स्वीकारावा, यामागे सांस्कृतिक कारण आहे. श्रियाळ-चांगुणेने अतिथीसाठी आपला चिलया बाळ अर्पण केल्याची कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. अपत्याचे बलिदान ही सत्त्वपरीक्षेची परिसीमा, हा संस्कार तिने दृढ केला. मात्र त्या कथेतील बालक निरपराध आहे आणि शेवटी ते जिवंत होते. नकुल आरोपी आहे आणि तो परत येत नाही.

रक्ताच्या वा सत्तेच्या नात्यापेक्षा न्याय श्रेष्ठ, या विचाराचे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा वध झाल्यावर रामशास्त्र्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि पद सोडले. येथे चौकशी आधी आहे, निर्णय नंतर. आणि निर्णय देणाऱ्याच्या हाती शस्त्र नाही. मालिका सांगू पाहते ती रामशास्त्र्यांसारख्या निःस्पृहतेची कथा. परंतु त्यासाठी आवाहन करते ते चिलया बाळाच्या कथेतील भावनेला. या सरमिसळीत त्याग दिसतो आणि न्यायाची प्रक्रिया दिसेनाशी होते.

एक तुलना

अगाथा ख्रिस्ती यांची ‘द चॉकलेट बॉक्स’ ही १९२३ मधील कथा आणि डेव्हिड सुशे यांची भूमिका असलेला तिच्यावरील १९९३ मधील ब्रिटिश दूरचित्रवाणी-भाग येथे उद्‌बोधक ठरतो. हर्क्युल पॉयरो बेल्जियमच्या पोलीस दलात असतानाचे हे प्रकरण आहे. एका राजकारण्याचा मृत्यू हृदयक्रियेचा मानला जातो. चॉकलेटच्या दोन डब्यांच्या झाकणांची अदलाबदल पॉयरोच्या लक्षात येते. मूळ कथेत तो तिचा अर्थ चुकीचा लावतो आणि भलत्याच व्यक्तीवर संशय घेतो. खरी गुन्हेगार मृताची वृद्ध आई असते. मुलाने आपल्या पत्नीचा जीव घेतला हे तिला ठाऊक असते. तिची दृष्टी मंद असल्यामुळे झाकणे बदललेली असतात.

दोन्ही कथानकांत नायकाच्या भूतकाळात जन्मदात्याच्या हातून झालेला मुलाचा वध आहे आणि दोन्हीकडे तो उच्चतर तत्त्वासाठी केल्याचा दावा आहे. भेद आहे तो तपासकर्त्याच्या स्थानाचा. पॉयरो त्या वधाकडे बाहेरून पाहतो. आईबद्दल सहानुभूती वाटूनही तिचे कृत्य हत्या आहे, हे कथा विसरत नाही. प्रद्युमन स्वतःच तो जन्मदाता आहे. तपास करणारा आणि ज्याच्या कृत्याचा तपास व्हावा तो, या दोन भूमिका एकाच व्यक्तीत मिसळतात. त्यामुळे पॉयरोच्या भूतकाळातून नायकाच्या मर्यादा उघड होतात, तर प्रद्युमनच्या भूतकाळातून त्याचा अधिकार वाढतो.

पडद्याबाहेरील संदर्भ

हा केवळ कथनतंत्राचा प्रश्न नाही. मालिका सुरू होण्यापूर्वीच्या काळात, १९९५ ते १९९७ दरम्यान, मुंबईतील ९९ पोलीस चकमकींत सुमारे १३५ व्यक्ती मरण पावल्या. यासंबंधीच्या पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ मार्गदर्शक सूचना दिल्या. चकमकीतील मृत्यूचा स्वतंत्र तपास सी.आय.डी.ने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करावा, असे त्यांत नमूद आहे. घटनेनंतर लगेच शौर्य-पुरस्कार किंवा पदोन्नती देण्यासही मनाई आहे. म्हणजे ज्या विभागाच्या नावाने ही मालिका ओळखली जाते, त्याच विभागाकडे वास्तवात अशा मृत्यूंच्या तपासाची जबाबदारी येते.

नायकाचा भूतकाळ सहानुभूती मिळवून देतो. संशयिताचा भूतकाळ मात्र पुराव्यासारखा वापरला जातो. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ५४ नुसार आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य सामान्यतः असंबद्ध होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. याउलट गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समूहांचा भूतकाळ हाच गुन्हा ठरवला. १८७१ चा हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यापर्यंत आला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु पारधी समाजावरील संशयाचा शिक्का त्यानंतरही पुसला गेलेला नाही.

नवापूर तालुक्यातील विसरवाडीसारख्या आदिवासीबहुल परिसरातील महाविद्यालयात या मालिकेचा विचार करताना हा संदर्भ टाळता येत नाही. योगायोगाने नंदुरबार जिल्हाही मालिकेप्रमाणेच १९९८ मध्ये, १ जुलै रोजी, अस्तित्वात आला. येथील वर्गात ‘नकुलचा तपास कोणी करावयास हवा होता?’ हा एकच प्रश्न विचारला, तरी साहित्य, राज्यशास्त्र आणि इतिहास हे तिन्ही विषय एकत्र येतात.

निष्कर्ष

नकुल-प्रकरणाने प्रद्युमन या व्यक्तिरेखेला मानवी खोली दिली, हे निर्विवाद आहे. तथापि ज्या मालिकेने पुराव्याचे महत्त्व रुजवले, तिच्या नायकाची थोरवी पुराव्याच्या कसोटीपलीकडील एका मृत्यूवर उभी आहे. पित्याच्या दुःखाविषयी आदर बाळगूनही अधिकाऱ्याच्या कृत्याची चौकशी मागता येते. हा विवेक प्रेक्षकाला देणे हे गुप्तहेरकथेचे कार्य आहे आणि याच प्रसंगात मालिका त्यात उणी पडली आहे.