बुजगावण्याची साक्ष : चिपोटले, शुद्धता आणि ग्राहकाचा विश्वास

एक जाहिरातपट आणि एक कायदेशीर दस्तऐवज यांच्यामधील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. जाहिरातपट २०१३ सालचा असून त्याचे नाव ‘द स्केअरक्रो’, म्हणजे बुजगावणे. दस्तऐवज एप्रिल २०२० मधील आहे. अमेरिकेचा न्याय विभाग आणि ‘चिपोटले मेक्सिकन ग्रिल’ ही उपाहारगृहांची साखळी यांच्यात झालेला हा करार आहे. त्यानुसार कंपनीने अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. अन्नसुरक्षेच्या प्रकरणात त्या देशात तोवर झालेला हा सर्वांत मोठा दंड होता. २०१५ ते २०१८ या काळात या साखळीतील अन्नामुळे अकराशेहून अधिक लोक आजारी पडले, असे त्यात नोंदविलेले आहे. एकाच संस्थेविषयीच्या या दोन संहिता एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या म्हणजे ‘विश्वास’ या शब्दाखाली आपण किती भिन्न गोष्टी एकत्र करतो, हे ध्यानी येते.

प्रथम जाहिरातपटाविषयी. साडेतीन मिनिटांहून थोड्या कमी लांबीचा हा ऍनिमेशनपट आहे. कथानायक बुजगावणे ‘क्रो फूड्स’ नावाच्या अवाढव्य कारखान्यात नोकरीला आहे. तेथे यांत्रिक कावळ्यांचे राज्य आहे. कोंबड्यांना सुया टोचून फुगविले जात आहे, यंत्राच्या पोटात गाई कोंडलेल्या आहेत आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्या शहरवासीयांना हे अन्न ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जात आहे. पार्श्वभूमीला १९७१ सालच्या एका बालचित्रपटातील गाणे फिओना ऍपल या गायिकेच्या संथ, खिन्न स्वरात वाजत राहते. बुजगावणे घरी परतते, परसात त्याला एक लाल मिरची दिसते, तो भाजी तोडतो, शहरात जाऊन स्वतःच्या हाताने चिरतो, शिजवतो आणि वाढतो. कलाकृती म्हणून ती निःसंशय प्रभावी आहे. कान येथील जाहिरात महोत्सवात २०१४ साली जनसंपर्क विभागातील सर्वोच्च पारितोषिक तिला मिळाले, त्यात नवल नाही.

या पटाचे चिन्हशास्त्र अगदी सरळ आहे. यंत्र म्हणजे असत्य, हात म्हणजे सत्य. कारखाना लपवितो, परसबाग दाखविते. चिपोटलेच्या उपाहारगृहाची मांडणीही याच तत्त्वावर केलेली होती. ग्राहक काउंटरच्या एका बाजूने सरकत जातो, समोर भात, घेवडा, मांस, टोमॅटो उघडे मांडलेले असतात आणि त्याच्या डोळ्यांदेखत बुरिटो गुंडाळला जातो. जे दिसते त्यावर विश्वास बसतो, ही त्यामागील धारणा. ‘सचोटीचे अन्न’ अशा आशयाचे कंपनीचे घोषवाक्य होते. ते केवळ शाब्दिक नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. पशुपालनाचे निकष पाळले नाहीत म्हणून एका पुरवठादाराचे डुकराचे मांस घेणे कंपनीने २०१५ च्या आरंभी थांबविले आणि सुमारे एकतृतीयांश उपाहारगृहांत तो पदार्थच मिळेनासा झाला. तोटा सोसून तत्त्व पाळणारी कंपनी, अशी प्रतिमा त्यातून उभी राहिली. (१९९८ ते २००६ या काळात या कंपनीत मॅकडोनाल्ड्सचे मोठे भांडवल होते, ही गोष्ट जाहिरातपटातील कावळ्यांना बहुधा ठाऊक नसावी.)

त्याच २०१५ सालाच्या उत्तरार्धात काय घडले ते पाहू. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील सिमी व्हॅली येथे नोरोव्हायरसमुळे सुमारे २३४ जण आजारी पडले. मिनेसोटात टोमॅटोतून साल्मोनेला पसरला आणि ६४ जणांना बाधा झाली. ऑक्टोबरपासून ई. कोलाय ओ-२६ या जिवाणूचे रुग्ण आढळू लागले व कंपनीने वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांतील ४३ उपाहारगृहे बंद केली. दोन लागोपाठच्या साथींत मिळून ६० जण आजारी पडले आणि २२ जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. मृत्यू कोणाचाही झाला नाही. डिसेंबरात बॉस्टन येथे पुन्हा नोरोव्हायरस पसरला. त्या महिन्यात कंपनीची तुलनात्मक विक्री ३० टक्क्यांनी घटली.

यांतील ई. कोलायचे प्रकरण समीक्षकाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘सीडीसी’ने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, साथ संपल्याचे जाहीर केले, परंतु जिवाणू नेमका कोणत्या पदार्थातून आला, हे अखेरपर्यंत निष्पन्न झाले नाही. तेच तेच घटक अनेक पदार्थांत मिसळलेले असल्यामुळे एक घटक वेगळा काढून दोषी ठरविणे कठीण गेले. ज्या स्वयंपाकघरात सर्व काही ग्राहकाच्या डोळ्यांसमोर होते, त्याच स्वयंपाकघरात दोषाचा माग काढता आला नाही. दृश्यता आणि अनुरेखन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काचेपलीकडचा टोमॅटो ग्राहकाला दिसतो. तो कोणत्या शेतातून, कोणत्या दिवशी, कोणत्या खोक्यातून आला हे केवळ नोंदवहीच सांगू शकते. याच्या उलट उदाहरण ऑक्टोबर २०२४ मधील आहे. मॅकडोनाल्ड्सच्या ‘क्वार्टर पाउंडर’मुळे ई. कोलाय ओ-१५७ ची साथ आली; १४ राज्यांत १०४ जण आजारी पडले व एकाचा मृत्यू झाला. मात्र संशय त्वरित चिरलेल्या कांद्यावर स्थिरावला आणि तो कांदा मागे घेण्यात आला. कारखानदारी पद्धतीमुळे साथ टळली नाही, हे खरेच. पण माग लागला.

येथे अर्थशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. डार्बी आणि कार्नी यांनी १९७३ साली अशा वस्तूंची चर्चा केली, ज्यांचा दर्जा ग्राहकाला खरेदीपूर्वीही कळत नाही आणि वापरल्यानंतरही खात्रीने कळत नाही. या वस्तूंना आपण विश्वासाधिष्ठित वस्तू म्हणू. कोंबडी मोकळी वाढली की कोंडलेली, हे चवीवरून सांगता येत नाही. अन्नातील जिवाणूंचेही तसेच आहे. पोट बिघडले तरी दोष दुपारच्या बुरिटोचा की कालच्या कोशिंबिरीचा, हे सामान्य माणूस ठरवू शकत नाही. म्हणून अशा वस्तूंच्या बाजारात विक्रेता खुणा विकतो. मातीचा रंग, लाकडी फळी, हाताने लिहिल्यासारखी अक्षरे या सर्व खुणाच होत. ‘द स्केअरक्रो’ ही अशा खुणांची संपूर्ण वर्णमाला आहे. तिचा दोष खोटेपणाचा नाही. ती एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटविते, हा तिचा दोष आहे. ‘हे अन्न कोणत्या हेतूने बनविले?’ या प्रश्नाचे उत्तर ती देते आणि ‘हे अन्न कोणत्या तापमानाला ठेवले?’ या प्रश्नाचेही उत्तर मिळाले, असा ग्राहकाचा समज होतो.

मराठी वाचकाला हा घोटाळा अपरिचित नाही. आपल्याकडे ‘शुद्ध’ हा शब्द दोन्ही कामे करतो. पाटीवरील ‘शुद्ध शाकाहारी’ हे शब्द स्वयंपाकघरातील पाण्याविषयी काहीही सांगत नाहीत, तरी ते वाचून आपण निश्चिंत होतो. २००१ साली अमेरिकेतील मॅकडोनाल्ड्सच्या बटाट्याच्या तळलेल्या कापांत गोमांसाचा अर्क असल्याचे उघड झाले, तेव्हा मुंबई परिसरातही निदर्शने झाली. भारतातील कापांत असा अर्क नसल्याचा खुलासा कंपनीला करावा लागला. अमेरिकेतील दावा २००२ साली एक कोटी डॉलर देऊन व क्षमा मागून मिटविण्यात आला. त्या अर्काने कोणी आजारी पडले नव्हते. तरीही फसवणूक खरी होती, कारण १९९० पासून केवळ वनस्पती तेल वापरत असल्याचे कंपनी सांगत आली होती. शुद्धतेचा भंग आणि सुरक्षिततेचा भंग हे दोन स्वतंत्र अपराध आहेत. पहिल्याने ग्राहकाची श्रद्धा दुखावते, दुसऱ्याने त्याचे शरीर. बाजाराचा अनुभव असा की पहिल्याची आठवण अधिक काळ टिकते.

शरीराला झालेली इजा लोक विसरतात, याला चिपोटलेचा पुढील इतिहास साक्षी आहे. २०१५ साली साडेचार अब्ज डॉलर असलेली कंपनीची उलाढाल २०१६ मध्ये ३.९ अब्जांवर आली. २०२३ मध्ये ती सुमारे ९.९ अब्जांवर पोचली होती. दरम्यान २०१८ साली ओहायो राज्यातील पॉवेल येथे एकाच उपाहारगृहातून ६४७ जण आजारी पडले होते. म्हणजे ग्राहक परतले ते दोष पूर्णपणे निवारला गेल्याची खात्री करून नव्हे.

जे प्रत्यक्ष बदलले ते मात्र जाहिरातपटाच्या तर्काला छेद देणारे होते. साथीनंतर कंपनीने टोमॅटो व कोथिंबिरीसारख्या घटकांचे निर्जंतुकीकरण आणि चिराई काही प्रमाणात मध्यवर्ती केंद्रांकडे सोपविली, कांदा व मिरची उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून घेण्याची पद्धत आणली, जनुकीय चाचण्या सुरू केल्या आणि अन्नसुरक्षेचा प्रमुख म्हणून मांसउद्योगाचा दीर्घ अनुभव असलेल्या जेम्स मार्सडेन या प्राध्यापकाची नेमणूक केली. थोडक्यात, बुजगावण्याने ज्या कारखान्याचा राजीनामा दिला, त्याच्याच दारावर त्याला जावे लागले. हीच वाट १९९३ साली ‘जॅक इन द बॉक्स’ या साखळीने घेतली होती. अर्धवट शिजलेल्या गोमांसामुळे तेव्हा सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. वॉशिंग्टन राज्याचा नियम मांस सुमारे ६८ अंश सेल्सिअसपर्यंत शिजविण्याचा होता; कंपनी ६० अंशांचा संघीय निकष पाळत होती. त्यानंतर डेव्हिड थेनो यांनी तेथे ‘हॅसप’ पद्धत, म्हणजे धोक्याच्या प्रत्येक बिंदूवर मोजमाप व नोंद ठेवण्याची पद्धत रुजविली. ही पद्धत मुळात १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या अन्नासाठी विकसित झाली. तिच्यात परसबागेचे सौंदर्य नाही. आहे तो तापमापक आणि तक्ता.

जाहिरातपटाने औद्योगिक पशुपालनावर केलेली टीका यामुळे निराधार ठरत नाही. १९९३ ची साथ एवढी पसरली, ती अनेक जनावरांचे मांस एकत्र दळणाऱ्या कारखानदारीमुळेच. पशूंची यातना हा नैतिक प्रश्न अन्न सुरक्षित असले तरी उरतोच. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप वेगळा आहे. या पटात एक व्यक्ती पूर्णपणे अदृश्य आहे, ती म्हणजे तासाच्या वेतनावर काम करणारा कर्मचारी. बुजगावणे आरंभी नोकर आहे. परंतु त्याला नोकरी सोडता येते, त्याचे स्वतःचे घर व परसबाग आहे आणि शेवटी तो स्वतःच शेतकरी, आचारी व मालक होतो.

२०२० च्या दस्तऐवजात हीच गाळलेली व्यक्ती प्रकट होते. सिमी व्हॅलीत ओकारी झालेल्या कर्मचाऱ्याला घरी पाठविण्यात आले; पण कंपनीच्या नियमानुसार त्याची अंतर्गत नोंद दोन दिवस झालीच नाही. बॉस्टन येथे प्रशिक्षणार्थी व्यवस्थापकाला उपाहारगृहातच ओकारी झाली, तरीही त्याला काम चालू ठेवण्यास सांगण्यात आले. दोन दिवसांनी त्यानेच बॉस्टन कॉलेजच्या बास्केटबॉल संघासाठी अन्न बांधून देण्यास हात लावला आणि त्या संघातील खेळाडू आजारी पडले. आजारी कर्मचाऱ्याने कामावर राहू नये, असा नियम लिखित स्वरूपात होता. तासाच्या कर्मचाऱ्यांना भरपगारी आजारपणाची रजाही त्याच वर्षी देऊ केली होती. परंतु गर्दीच्या वेळी माणसे कमी असताना तो नियम अमलात आणण्याचा अधिकार आणि धैर्य कोणाकडे होते? अन्नाच्या शुद्धतेची चर्चा शेतापासून सुरू होते आणि ताटाशी संपते; मधल्या हाताचा ताप कोणी मोजत नाही.

ओनोरा ओनील यांनी २००२ सालच्या आपल्या रीथ व्याख्यानांत विश्वास वाढविण्याच्या खटाटोपापेक्षा विश्वासपात्रतेकडे लक्ष वेधले होते. त्या भेदाचा येथे अर्थ इतकाच होतो की जाहिरातपट ही विश्वासाची सामग्री आहे आणि आजारपणाची नोंदवही ही विश्वासपात्रतेची. आपल्या महाविद्यालयांतून वाणिज्य व जनसंज्ञापनाच्या वर्गांत ‘द स्केअरक्रो’सारखे पट यशस्वी ब्रँड-उभारणीचे नमुने म्हणून दाखविले जाऊ शकतात, तसे दाखविण्यास हरकत नाही. त्याच तासिकेत या करारासोबतची तथ्यपत्रिका विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी आणि बॉस्टनच्या उपाहारगृहातील त्या दिवसाचा कामाचा तक्ता त्यांना स्वतः मांडावयास सांगावे : त्या पाळीला किती माणसे होती असावीत, कोण घरी गेले असते तर त्याच्या जागी कोण उभे राहिले असते, आणि तो निर्णय कोणी घ्यावयाचा होता.