वास्तेकाचे गाणे आणि ‘खोटा’ आवाज

आपल्याकडील गायकीच्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्यास ‘खोटा आवाज’ हा दोषच वाटतो. खुला, भरदार आकार हा खरा, आणि तारसप्तकात आवाज चोरणारा गवई उणा, ही आपली जुनी कसोटी. मेक्सिकोच्या ईशान्येकडील वास्तेका प्रदेशातील ‘सोन वास्तेको’ अथवा ‘वापांगो’ या लोकगायनाचा विचार करताना मात्र ती बाजूस ठेवावी लागते. तेथील गायक हा आवाज उघडपणे, सर्वांस कळावा अशाच रीतीने लावतो.

वास्तेका हा प्रदेश वेराक्रूस, सान लुईस पोतोसी, तामाउलिपास, इदाल्गो, केरेतारो व पुएब्ला या ६ राज्यांत पसरला आहे. स्पॅनिशबरोबरच नाव्हात्ल आणि तेनेक या भाषा तेथे नांदतात. मेळ अवघ्या तिघांचा: व्हायोलिन, ५ तारांची लहानशी हाराना आणि रुंद पोटाची वापांगेरा. व्हायोलिन युरोपातून आले, पण उपरे राहिले नाही. परके वाद्य आपलेसे कसे होते, हे कर्नाटक संगीताच्या श्रोत्यास निराळे सांगावयास नको.

गाण्याची कडवी बहुधा ५ किंवा ६ ओळींची. पुष्कळदा ती जागच्या जागी रचली जातात. एकाने ओळी म्हणाव्यात, दुसऱ्याने त्या उचलाव्यात, अशी रीत आहे. मध्येच एखाद्या अक्षरावर आवाज फुटून उंच जातो आणि क्षणात मूळ जागी परततो. कडवे संपले की व्हायोलिन पुढे होते. लाकडी फळ्यांच्या मंचावर नाचणारे पाय गाणे चालू असता हलके पडतात, शब्द ऐकू यावेत म्हणून. वाद्ये एकटी वाजू लागली की तेच पाय दणदणतात. नर्तकांनीही कवितेस असा मान द्यावा, हे आम्हांस या परंपरेचे मोठेच वैभव वाटते.

१९४० व १९५० च्या दशकांतील मेक्सिकन चित्रपटांनी आणि मारियाची वाद्यमेळांनी वापांगो दूरवर नेला. ‘मालागेन्या सालेरोसा’ हे त्यांतले सर्वांत गाजलेले गीत. ते ज्या दोघांच्या नावे नोंदले गेले, त्यांपैकी एल्पिदिओ रामिरेस हे स्वतः वास्तेकाचे व्हायोलिनवादक; म्हणजे बाहेरच्यांनी परंपरा लुटली, असे सरसकट म्हणता येत नाही. तथापि मिगेल आसेवेस मेहिया यांच्यासारख्या समर्थ गायकांच्या कंठात तो उंच स्वर इतका लांबला, की श्रोता शब्द विसरून गायकाचा दम मोजू लागतो. ही करामत थक्क करणारी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण तिच्यापुढे दुसरा गायक, व्हायोलिन आणि नाचणारे पाय यांस जागा उरत नाही.

आमच्या मते या आवाजाचे खरे मोल त्याच्या आखूडपणात आहे. तो चटकन खाली येतो, म्हणूनच पुढची ओळ दुसऱ्याच्या वाट्यास येते.